गुंड्याच्या लिलीचा रंग

२ मार्च

दुसरी बरणीही गेली. वाळूत बोट घातलं तर कंद नाहीच, नुसता काळा गाळ. आणि तो वास. काढला तेव्हा आक्रोडासारखा टणक होता. जिन्याखाली गार पडेल म्हणून बरण्या स्वयंपाकघरात आणल्या. तिथे वाळू कोरडी दिसली म्हणून पाणी शिंपडलं – ते जास्त झालं. या थंड मुलखात उन्हाळा जून ते सप्टेंबर तेवढाच; उष्ण हवेतल्या या पाणलिलींना इथली थंडी सोसत नाही, आणि लाडही सोसत नाहीत.

गुंड्यानं त्या स्वतः भरल्या होत्या. थंडी पडायच्या आत मागच्या अंगणातल्या तळ्यातून कंद काढले, धुतले, ओल्या वाळूत पुरले, झाकणांवर नावं लिहिली. पुढच्याच आठवड्यात कामावर जिना चढताना मधल्या पायरीवर बसला तो बसलाच. माझा एकुलता एक मुलगा. चाळिशीही गाठली नाही.

आता एकच बरणी उरली आहे. तिच्या झाकणावर फक्त 'नवी' लिहिलंय.

५ मार्च

'नवी' म्हणजे काय ते लिहून ठेवतो. माझ्या डोक्याचा हल्ली भरवसा नाही.

दोन उन्हाळ्यांपूर्वी त्यानं निळ्या लिलीवर पिवळीचा पराग लावला. तळ्यावर फळी टाकून पोटावर आडवा झाला होता, हातात लहान मुलांचा रंगाचा ब्रश. मी म्हटलं, "फुलाची हजामत करतोयस का?" तो म्हणाला, "बाबा, सावली पाडू नका." मग फळाला मलमलची चिंधी बांधली, बिया पाण्यात पसरू नयेत म्हणून. बरीच रोपं आली, एक सोडून सगळी मेली. त्या एकानं गेला उन्हाळाभर नुसती पानं दिली. फूल नाही.

म्हणजे या लिलीचं फूल अजून कुणीच पाहिलेलं नाही. त्यानंसुद्धा.

मी आयुष्यभर चष्म्याच्या काचा घासल्या. लोकांना दिसायला लागलं की त्यांचे चेहरे कसे बदलतात ते पाहिलंय. हा एक रंग मला बघायचाय. बाकी काही बघण्यासारखं राहिलेलं नाही.

७ मार्च

खिडकीत काचेची टाकी मांडली. तळाशी पाणी गरम ठेवायची कांडी, वर दिवा. सूनबाई कामावरून आली, पर्स खांद्यावरच, बघत उभी राहिली. "बाबा, इथे?" मी म्हटलं, "मग कुठे?" ती आत गेली.

ती दवाखान्यात एक्स-रे काढते. दिवसभर लोकांची हाडं बघते आणि घरी येऊन माझं तोंड. तो गेल्यापासून तळ्याकडे फिरकलेली नाही. स्वयंपाकघराचा तिकडचा पडदा कायम ओढलेला. मी उघडतो, ती ओढते. यावर आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोलत नाही.

१९ मार्च

कोंब! टाचणीच्या टोकाएवढा, तांबूस. भिंग लावून खात्री केली.

घरात सांगायला कोणी नव्हतं. सूनबाई होती. तिला सांगितलं नाही.

११ एप्रिल

कंदावर छोटं रोप धरलं आहे – बाणासारखी पानं, केसांसारखी मुळं. ते कंदापासून अलगद तोडून कुंडीत लावायचं असतं. काचेत केसाएवढा ओरखडा राहू न देणारे हे हात! दोनदा खाली ठेवलं. मग लावलं. जड माती, वर खडीचा थर, म्हणजे मासे उकरत नाहीत.

कंद परत पाण्यात टाकला. तोही संध्याकाळपर्यंत मऊ लागायला लागला. आता जे आहे ते या एका कुंडीत.

२ मे

रोपवाल्या बाईंना फोन केला. गुंड्या निळी आणि पिवळी दोन्ही त्यांच्याकडूनच घेऊन आला होता. म्हणाल्या, "काका, घाई करू नका. तळ्यात पाय सोडून निवांत बसता आलं की समजायचं पाणी तयार झालं." मी विचारलं, अजून किती? त्या हसल्या. "ते तळ्याला विचारा."

मग त्याच्याबद्दल बोलायला लागल्या. मी फोन ठेवून दिला.

९ मे

ऊन चांगलं पडलंय. कुंडी तळ्यात सोडली, विटांवर, पानं तरंगतील इतकी खोल. पाण्यात पाय घालून बघितले नाहीत. मला बघायचंच नव्हतं.

१४ मे

वारा फिरला. तीन दिवस पाऊस आणि गारठा. पानं उकडल्यासारखी लिबलिबीत झाली, हात लावला की सुटून येतात. कुंडी उचलून परत टाकीत ठेवली. मधोमध एक देठ शिल्लक आहे, त्याला पान नाही.

मी मारलं. दुसऱ्या कुणावर ढकलू?

१५ मे

दिवसभर पडून होतो. सूनबाईनं दाराशी ताट ठेवलं, उचललं.

२० मे

काही नाही.

३ जून

मधोमध गुंडाळी झालेलं एक पान. बिडीएवढं. आनंद व्हायला हवा होता. थकवा आला. म्हणजे पुन्हा सगळं पहिल्यापासून.

१० जून

सूनबाई फोनवर तिच्या आईशी बोलत होती. मला ऐकू येत नाही असं ती धरून चालते. "नाही गं, नाही येता येणार... अगं, बाबांना एकटं कसं टाकू?"

टाकू. सामानासारखं. चूक तिची नाही, शब्द तोच आहे. तिचं सगळं आयुष्य पुढे पडलंय आणि ती माझ्या भाताला पाणी किती घालायचं ते बघत बसली आहे. मी नसतो तर ती केव्हाच गेली असती. यात रडगाणं काही नाही, सरळ हिशेब आहे.

१६ जून

पाणी कोमट. या वेळी खरंच पाय घालून बसलो. मग कुंडी सोडली.

शेजारचे पोस्टमास्तर कुंपणावर हात टेकून बघत होते. निवृत्त झाले तरी दुसऱ्यांच्या दारात डोकावायची सवय जात नाही. म्हणाले, "एवढा जीव टाकताय त्या डबक्यावर. बुजवा, बाक ठेवा, दोघं बसू." मी बराच वेळ बोललो त्यांच्याशी. काय बोललो ते आता नीटसं आठवत नाही. त्यांचा चेहरा मात्र पडला होता.

२७ जून

पानं ताटलीएवढी झाली. वरून हिरवी, पाठ जांभळी, काठाला करवतीसारखे दाते. मातीत खताच्या गोळ्या खुपसल्या. पानांवर मावा पडतो, तो रोज नळीच्या पाण्यानं उडवतो.

लिलीला गोळ्या देतो. माझ्या रक्तदाबाच्या घ्यायचा कंटाळा येतो. कशाला?

४ जुलै

कळी. पाण्याखाली, खोल, वाटाण्याएवढी. भिंगातून नीट दिसली. आठवडाभरात वर येईल.

गुंड्या, बघतोयस ना. – असलं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

७ जुलै

कळी नाही.

देठ आहे, वरचा भाग नाही. सगळ्या तळ्यात जाळी फिरवली. शेवाळ आणि एक गोगलगाय निघाली. गोगलगाय कुंपणापलीकडे फेकली. पोस्टमास्तर ओरडले.

१८ जुलै

दुसरी कळी आली. तीही गेली. रोपवाल्या बाई म्हणाल्या, "गोगलगाय कळी नाही खात, काका. अळी असेल, नाहीतर पक्षी." पाण्यावर जाळं ताणलं. प्रत्येक पान उलटून पाहिलं. अळी नाही. अंडी नाहीत. पान एकही कुरतडलेलं नाही. या घरातलं नेमकं जे राहायला हवं तेच उचलून नेणारं कोणीतरी आहे!

२ ऑगस्ट

तिसरी.

दुपारभर फळीवर बसून राहिलो. ऊन लागलं. सूनबाई छत्री घेऊन दारापर्यंत आली, तिथूनच "बाबा, आत या" म्हणाली. पुढे आली नाही. तळ्याची तिला इतकी किळस. तिच्याच नवऱ्याचं तळं. मी ऐकलं नाही असं दाखवलं. ती उभी राहिली तशीच, छत्री उघडी, सावली कुणावरच नाही.

९ ऑगस्ट

चक्कर आली. मोरीत बसलो थोडा वेळ, भिंतीला टेकून. कुणाला सांगितलं नाही. वाईटही वाटलं नाही, खरं सांगायचं तर. फक्त वाटलं, आत्ता नको. आधी फूल.

२१ ऑगस्ट

दिवस लहान होत चाललेत. आणखी दोन कळ्या गेल्या. झाड धडधाकट आहे, पान पानावर चढतंय, आणि कळी तेवढी राहत नाही. गारठा पडला की हे झाड संपलं. मग पुन्हा वाळू, पुन्हा बरणी. पुन्हा हिवाळा माझ्याच्यानं होणार नाही. कंदाचं राहू दे, माझं म्हणतोय.

पोस्टमास्तर आले होते. फुलाचं विचारलं. म्हटलं, नाही अजून. तर म्हणाले, "बरं झालं." मी बघतच राहिलो. ते गडबडले, चहा अर्धा टाकून गेले.

३ सप्टेंबर

चोर सापडला.

काल पाण्याखाली नवी कळी पाहिली होती. आज उजाडता उजाडता उठलो, मागच्या दारात उभा राहिलो. फळीवर कोणीतरी गुडघे टेकून बसलं होतं. दवाखान्याचे कपडे, एक बाही वर खोचलेली, हात खांद्यापर्यंत पाण्यात. जाळ्याचा कोपरा नीट बाजूला केलेला. नखं कापायची कात्री फळीवर.

मी म्हटलं, "काय करतेस?"

ती दचकली नाही. हात बाहेर काढला, मूठ उघडली. कळी होती.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

मग मी जे बोललो ते लिहवत नाही. थोडं लिहितो. म्हटलं, तुला त्याचं काहीच नको होतं. म्हटलं, तो एकदा मेला, तू त्याला सहा वेळा मारलंस. ती ऐकत होती. बाहीतून पाणी ठिबकत होतं. म्हणाली, "बाबा, आत जा. पायात चप्पल नाही तुमच्या." कात्री उचलली आणि कामावर गेली.

संध्याकाळी

ती आली. पर्स ठेवली. चहाला आधण न ठेवता माझ्यासमोर बसली. तो गेल्यापासून पहिल्यांदा ती माझ्यासमोर बसली असेल. नाहीतर उभ्यानंच सगळं.

म्हणाली, "जूनमध्ये तुम्ही पोस्टमास्तरांशी बोलत होतात. मी कपडे वाळत घालत होते, चादरीच्या आड. तुम्ही म्हणालात, एकदा हे फूल बघितलं की माझं इथलं काम संपलं. मग मला कुणी थांबवायचं नाही. गोळ्या तर सोडल्याच आहेत म्हणालात. आणि वर म्हणालात, पोरगीही सुटेल."

हे मी बोललो? मला आठवेना. पण शब्द माझेच होते.

"मी तुमचं गोळ्यांचं पाकीट बघितलं. भरलेलं होतं. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही घेतो म्हणाला असता. रोज पाण्यात ढवळून देत होते, आमटीत घालत होते, जमेल तशा. पण तुम्ही जेवतच नव्हता. मग मला दुसरं काय करता येण्यासारखं होतं?"

मी म्हटलं, "म्हणून फूल कापायचं?"

"फूल आलं असतं तर तुम्ही राहिला असता का?"

मी टेबलावरचं भिंग उचललं, परत ठेवलं.

"तो तर सांगूनसुद्धा गेला नाही. सकाळी डबा घेऊन गेला, बस्स. तुम्ही सांगून चालला होतात. मग मी काय पडद्याआडून बघत बसू?" आवाज चढला नव्हता तिचा. "मला ते तळं बघवत नाही, बाबा. अजूनही बघवत नाही. तरी रोज सकाळी हात घालायचे. कळी कुठली आणि नवं पान कुठलं ते पाण्याखाली बोटांना कळेपर्यंत किती पानं तोडली असतील देव जाणे."

मग उठून आधण ठेवलं.

४ सप्टेंबर

तिच्यावर राग आहे. प्रचंड आहे. तिनं माझा उन्हाळा चोरला. त्याचा रंग चोरला.

आणि दुसरं काहीतरी आहे, त्याला शब्द सापडत नाही. माझ्यासाठी कुणी गार पाण्यात हात घालेल असं मी धरलंच नव्हतं.

८ सप्टेंबर

बोलणं नाही. ताट दाराशी नाही, टेबलावर असतं. मी जाऊन बसतो. आज तिच्यादेखत गोळी घेतली. तिनं पाण्याचा पेला पुढे सरकवला, बघितलं मात्र नाही.

गोळी घेतली म्हणून काही बदललं असं नाही. सकाळी उठल्यावर छातीवर तोच दगड. गुंड्याचे बूट दारात तसेच. जगायचं कशाला याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, तिनंही नाही. तिनं फक्त जाऊ दिलं नाही.

१५ सप्टेंबर

आणखी एक कळी. शेवटचीच असणार, पाणी गार होत चाललंय. तिला सांगितलं. म्हणाली, "मी हात लावणार नाही. फूल तुमचं आहे. बघा आणि मग काय ते ठरवा."

हे मला सोपं वाटायला हवं होतं.

२३ सप्टेंबर

कळी सावकाश वर येते आहे. ऊन असेल त्या दिवशी वाढते, ढग आले की थांबते. दिवसभर मी तिथेच. तिच्यासमोर बसलं की वाटतं, एवढंच उरलंय, आणि हे संपलं की त्याचं नवीन असं काहीच यायचं नाही. सगळं जुनं. फोटो जुने, बूट जुने, आठवणी त्याच त्या. दर वेळी काढल्या की थोड्या झिजतात.

१ ऑक्टोबर

सूनबाई तळ्यावर आली. दिवसाउजेडी, माझ्याबरोबर. फळीवर बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या. पिवळं पडलेलं एक पान होतं, ते देठाच्या मुळाशी हात घालून सफाईनं तोडलं. हात तयार झालेला आहे तिचा.

मी विचारलं, "कुठला रंग असेल?"

म्हणाली, "मळकट जांभळा. त्याला मनासारखा रंग कधी मिळालाय? बैठकीच्या भिंतीला तीनदा बदलला, शेवटी काय आला – डाळीच्या पाण्यासारखा."

मी हसलो. हसू बाहेर आलं आणि पाठोपाठ दुसरंच आलं, ते थांबेना. ती उठून गेली नाही. तीही रडत होती, तोंड तळ्याकडे करून. आम्ही दोघं वेगवेगळ्या घरांत त्याच्यासाठी रडत होतो इतके दिवस, एकाच छपराखाली.

मग म्हणाली, "आई म्हणते, इकडे ये. मी तिला सांगितलं, येईन, पण एकटी नाही. बाबा तयार झाले की. तुम्हाला विचारलं नव्हतं. आता विचारते."

मी तिच्या चपला उन्हातून सावलीत सरकवल्या.

५ ऑक्टोबर

कळी पाण्याला टेकली. पोस्टमास्तर कुंपणावरून बघून गेले, या वेळी काही न बोलता. रात्री झोप नाही. उद्या-परवा दिसेल. दिसल्यावर काय, याचा विचार करायला गेलो की पुढे नुसती भिंत.

८ ऑक्टोबर

कळी बोटभर वर. टोकाशी फट पडली होती, ऊन चढलं की उघडली असती. नाश्त्याआधी फळीवर पोटावर आडवा झालो आणि कात्रीनं कापली. फटीतून आत बघितलं नाही. तशीच मुठीत धरून स्वयंपाकघरात गेलो आणि सूनबाईला म्हटलं, "पुढच्या उन्हाळ्यात बघू."